वच्छलाबाईंना दिलेल्या अक्षता

डिसेंबर लागला की नागपुरात सांबार स्वस्त होतो. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या पाहुण्यांना हे दर वेळी समजावून सांगावं लागतं आणि त्यांचा दर वेळी विश्वास बसत नाही. हातगाड्यांवर हिरवे ढीग लागतात, एक जुडी मागितली तर भाजीवाला पिशवीत दोन कोंबतो, आणि गल्लीभर खसखस-खोबरं भाजल्याचा वास फिरू लागतो, कारण घरोघरी सांबारवड्या सुरू झालेल्या असतात. यंदाही सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहिल्या जुड्या निवडायला घेतल्या आणि विचारलं, "उद्या वड्या करू?" मी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, "राहू दे." तिनं का म्हणून विचारलं नाही. सांबार मुकाट्यानं फ्रिजमध्ये गेला.

गेल्या हिवाळ्यातही हेच झालं होतं. वड्या मला आवडत नाहीत असं मुळीच नाही. त्या बघितल्या की एक बाई आठवतात, आणि त्या आठवल्या की स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही. लिहिल्यानं मन हलकं होतं म्हणतात. मला शंका आहे, पण बसलोय लिहायला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, निवृत्त झाल्यानंतरचा माझा पहिला हिवाळा. आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली सरकवल्या, त्यामुळे निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्नच होता. सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी एकानं बासरी धरली, एक जण नातवाला शाळेत सोडू लागला. मी खवय्या झालो. खवय्या होण्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही, फक्त चार लोकांत बोलता यावं लागतं. सीताबर्डीतली नेहमीची ठिकाणं सगळ्यांनाच ठाऊक, त्यात काय मोठेपणा? मला कुणाला माहीत नसलेलं हवं होतं. म्हणून मी मेट्रोत बसायचो, शेवटच्या स्टेशनाला उतरायचो, आणि तिथून शेअर ऑटोनं जिकडे जमेल तिकडे.

असाच एका बुधवारी कळमन्याच्या मार्केटमागच्या वस्तीत शिरलो. मिरचीचा हंगाम होता. लाल पोत्यांच्या थप्प्या, दारादारात बसून मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बाया, त्यांची नाकाला बांधलेली फडकी. मी नाकाला काही बांधलेलं नव्हतं. एका ओट्याजवळ आलो आणि अशा शिंका सुरू झाल्या की चष्मा खाली पडला.

"काहून जी, मिरचीचा ठसका लागला का?" ओट्यावरून आवाज आला. "अवं पिंके, भाऊले पाणी दे वं. साधं नको देऊ, अंबाडीचं दे."

पिंकी म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, विशीतली. तिनं स्टीलच्या पेल्यात अंबाडीच्या फुलांचं लालभडक पाणी आणून दिलं. आंबट, वर गुळाची गोडी, मागून जिऱ्याची चव. घशातली आग खाली उतरली. मी मान वर केली तेव्हा वच्छलाबाई माझ्याकडे बघून हसत होत्या. साठीच्या आसपासच्या, सडसडीत, कोपरापर्यंत पिठानं पांढऱ्या झालेल्या.

त्यांचा धंदा लांब रोटीचा. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोकवन गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करायचं, सैल भिजवायचं, आणि मग पाण्याचा हात लावून परातीत आपटत राहायचं. इतकं, की गोळा उचलला तर न तुटता कोपरापर्यंत लोंबला पाहिजे. पोळपाट नाही, लाटणं नाही. वच्छलाबाई गोळा या हातावरून त्या हातावर झेलायच्या. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तो पंच्याएवढा व्हायचा, पलीकडची चूल त्यातून दिसायची. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर तो अलगद अंथरायचा. मिनिटभरात रोटी तयार. रुमालासारखी घडी घालून ताटात.

पहिल्या दिवशी मी पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शाबरोबर तीन रोट्या खाल्ल्या. रस्सा काळपट, तेलाचा तवंग आलेला, डोळ्यांतून पाणी काढणारा. दुसऱ्या बुधवारी गेलो तर त्यांनी सांबारवडी दिली. बेसनाच्या पातळ आवरणात गच्च सांबार, आत चिंच-गुळाचा हात फिरवलेला, सोबत ताकाची कढी. सुनंदाची वडीही चांगली होते, पण ही खाताना मी डोळे मिटले, हे कबूल केलं पाहिजे. तिसऱ्या बुधवारपासून ओट्यावर न बसवता त्या मला आतल्या बाजेवर बसवू लागल्या. गिऱ्हाईक ओट्यावर थांबे, डबे भरून घेऊन जाई. मी बाजेवर. मला त्याचा केवढा अभिमान!

आणि तिथं माझी भाषाही बदलायची. मी मूळचा काटोलकडचा. लहानपणी घरी मले-तुलेच बोलायचो. नोकरीला लागल्यावर ते मी जाणूनबुजून जिभेवरून पुसून टाकलं, इतकं की माझ्या मुलीला तिच्या आजोबांचं बोलणं कळायचं नाही. वच्छलाबाईंच्या बाजेवर बसलो की ते सगळं परत यायचं. "वच्छलाबाई, मले अजून एक वाढा ना जी," असं मी म्हणायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो. शेवटच्या स्टेशनावरून परत मेट्रोत चढलो की पुन्हा मला-तुला. ती भाषा मी तिथं घालायला ठेवलेल्या सदऱ्यासारखी वापरत होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

इकडे फिरायच्या मंडळींत मी रोज फुशारक्या मारत होतो. "माझी एक रोटीवाली आहे," अशी सुरुवात करायचो. माझी रोटीवाली. आज त्यांच्याबद्दल 'त्या' असं लिहिताना हात जरा थबकतो, कारण तेव्हा चारचौघांत मी 'ती' म्हणत असे.

त्याच फेब्रुवारीत आमच्या मुक्ताचं लग्न होतं. लॉन ठरलं, जेवणाचा ठेकेदार ठरला. ठेकेदार म्हणाला, "साहेब, आजकाल लाइव्ह काउंटरची फॅशन आहे. डोशाचं ठेवू?" मी म्हणालो, "डोसा कसला? लांब रोटी ठेवू. माझी बाई आहे. मडकं, लाकडं, कणीक तुम्ही बघा, बाईचं मी बघतो." सुनंदा म्हणाली, "त्यांना नीट विचारलंत का?" मी म्हटलं, त्यात काय विचारायचं, तो तर त्यांचा धंदाच आहे.

बुधवारी गेलो. खिशात पत्रिका होती. सुनंदानं सवयीनं तिच्यावर कुंकवाचं बोट लावून दिलं होतं आणि पुडीत पिवळ्या अक्षता. आमच्या बाजूला अजून ही रीत आहे. पत्रिका नुसती दिली तर ती छापील कागद असते. अक्षता ठेवून दिली तर ते आमंत्रण असतं, घरच्यासारखं, यायलाच हवं असं. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझे वडील संत्र्याच्या तोडीतले दिवस सोडून अक्षता द्यायला पायी फिरलेले मी पाहिले आहेत. पण त्या दिवशी माझ्या हाताला आपोआप जे सुचलं ते हातानं केलं. काम सांगायला गेलो होतो आणि अक्षता ठेवून बसलो.

वच्छलाबाईंनी हात पदराला पुसले, पदर पसरून पत्रिका घेतली, कपाळाला लावली. पिंकीला साखर आणायला सांगितली. मडक्यावरची रोटी करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"तीस वर्सं झाले भाऊ, लोकाइच्या लग्नात रोट्या टाकून राहिली मी," त्या म्हणाल्या. "पण अक्षदा घेऊन दारात कोणी नाही आलं. तुमीच पयले."

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. "मग येजा," मी म्हणालो. "लवकर येजा, सकाळी दहालेच. ठेकेदाराले मी सांगून ठेवलं."

"ठेकेदाराले काहाले सांगता? आमी काय जेवाले लाजतो?" त्या हसल्या. "घरचंच लगन. त्या दिवशी चूल बंद ठेवतो मी."

मीही हसलो आणि निघालो. परतीच्या ऑटोत ते वाक्य पुन्हा कानात आलं. यांनी भलतंच तर समजलं नाही? ही शंका मला तिथंच आली होती, हे मी आजवर सुनंदालाही सांगितलेलं नाही. पिंकीचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन केला असता तर सगळं सरळ झालं असतं. पण फोन करून म्हणायचं काय? की बाई, तुम्ही पाहुण्या नाही, कामाला या? ते सांगण्याची लाज वाटली, म्हणून मी ते समजलंच नाही असं ठरवलं. माणूस स्वतःला किती सहज येडं बनवू शकतो.

लग्नाच्या दिवशी दहाच्या सुमारास मी लॉनच्या फाटकाशी व्याह्यांसोबत उभा होतो. व्याही अकोल्याचे, मोठे व्यापारी, बोलायला दिलखुलास. तेवढ्यात ई-रिक्षा थांबली आणि वच्छलाबाई उतरल्या. पोपटी रंगाची नवी साडी, अंबाड्यावर गजरा, हातात स्टीलचा मोठा डबा. मागे पिंकी, तिच्या हातात कागदात गुंडाळलेला आहेर. त्यांचे हात स्वच्छ होते. मी ते हात पहिल्यांदाच पिठाविना बघत होतो.

ठेकेदाराचा माणूस धावत आला. "रोटीवाली ना? अवं बाई, इकडून नाही, मागच्या गेटनं या. मडकं तापून राहिलं केव्हाचं."

त्या थांबल्या. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागानं नाही. काहीतरी चूक झाली आहे आणि ती मी आत्ता दुरुस्त करीन, अशा विश्वासानं बघितलं. एकच वाक्य हवं होतं. या वच्छलाबाई, आमच्या पाहुण्या आहेत. एवढंच. डोशाचा माणूस ठेकेदार तासाभरात आणू शकला असता.

व्याही कौतुकानं म्हणाले, "अरे, हीच का तुमची ती फेमस रोटीवाली?"

मी म्हणालो, "हो."

वच्छलाबाईंनी डबा पिंकीकडे दिला. गजरा काढून तिच्याच हातात ठेवला. पदर कमरेला खोचला आणि मागच्या गेटकडे निघून गेल्या. पिंकी तिथंच उभी राहिली, माझ्याकडे बघत. मी व्याह्यांना चहाबद्दल विचारत होतो.

त्यांनी दुपारी चारपर्यंत रोट्या टाकल्या. सगळ्या पाहुण्यांनी वाहवा केली. इव्हेंटवाल्या पोरांनी त्यांच्या डोक्याला केशरी फेटा बांधला, फोटोत बरा दिसतो म्हणून. लोक मोबाइल धरून उभे होते. रोटी झेलताना पोपटी साडीच्या निऱ्यांवर कणकेचे शिंतोडे उडत होते. मी त्या बाजूला फिरकलो नाही. स्टेजवर, दारात, भटजींजवळ, मला सगळीकडे कामं होती.

शेवटी सुनंदा गेली त्यांना जेवायला बसवायला. तिनंच नंतर सांगितलं. वच्छलाबाई म्हणाल्या, "आता नाही जी बाई. जेथी काम केलं तेथी त्या दिवशी पंगतीत बसत नाही आमी. आमच्यात तशी रीत आहे." डबा आणि आहेर त्यांनी सुनंदाच्या हातात दिला. "पोरीले द्याजा. तिच्या नावानं केलं आहे." मजुरी ठेकेदारानं दिली ती त्यांनी घेतली. काम केलं होतं, का नाही घेणार? डब्यात सांबारवड्या होत्या, भरगच्च, नीट रचलेल्या. मुक्ता सासरी गेली आणि घरी आलेल्या पाहुण्यांनी त्या दुसऱ्या दिवशी संपवल्या. मला एक वाढली होती. मी घेतली नाही.

लग्नाचा अल्बम जाडजूड आहे. कुणी आलं की सुनंदा तो काढते. त्यात एका पानभर वच्छलाबाई आहेत, फेट्यातल्या. हातावर रोटी पसरलेली, आणि नजर कॅमेऱ्यात नाही, चुलीतही नाही. लोक म्हणतात, "काय फोटो आलाय!" ते पान आलं की मी पाणी आणायला उठतो. मागच्या दिवाळीत मुक्ता म्हणाली, "बाबा, या बाई नंतर भेटल्या का कधी? त्यांनी दिलेली साडी मी अजून नेसते." मी म्हणालो, तिकडे जाणं होत नाही. मेट्रो सुरू आहे, ऑटो सुरू आहेत, बुधवारही दर आठवड्याला येतो. जाणं होत नाही म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही. आईचा स्वभाव घेतला आहे तिनं.

गेला अख्खा हिवाळा मी त्या बाजूला गेलो नाही. फिरायच्या मंडळींनी विचारलं, "काय हो, रोटीवालीकडे नेणार होता?" मी म्हटलं, तिथली चव गेली आता. माझ्या शरमेचं ओझंही मी त्यांच्याच हाताच्या चवीवर टाकून मोकळा झालो. याची लाज मला फाटकाजवळच्या 'हो'पेक्षाही जास्त वाटते. ते 'हो' घाईत निघालं होतं. हे मी विचार करून म्हणालो.

आणि यंदा, सांबार फ्रिजमध्ये गेल्यावर साधारण पंधरा दिवसांनी, सकाळी दाराची घंटी वाजली. मी आतल्या खोलीत दाढी करत होतो. सुनंदाचा आवाज आला, "अगबाई! या, या ना!" आणि मग दुसरा आवाज. "घर सापडलं बापा! पत्रिकेवर पत्ता होता तुमचा. जपून ठेवली होती म्या."

मी वस्तरा धरून तसाच उभा राहिलो. अर्ध्या गालावर फेस. बाहेर जावं की झोपल्याचं सोंग करावं, असा विचार एका साठीच्या माणसानं केला, हे लिहिताना कानकोंडं व्हायला होतं. पाच मिनिटं गेली. शेवटी तोंड पुसून बाहेर गेलो.

वच्छलाबाई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. उठल्या. पिंकीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी पिशवीतून पत्रिका काढली, तिच्यावर अक्षता ठेवल्या, आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. "येजा बरं भाऊ. वहिनीले घेऊन येजा." मी "वच्छलाबाई, त्या दिवशी..." एवढं म्हणालो. त्यांनी पिशवीची चेन लावता लावता मान हलवली. "आता अजून पंचवीस घरं फिराचे आहेत जी," म्हणाल्या आणि चहा न घेता निघाल्या. त्यांनी मला बोलू दिलं नाही की त्यांना खरंच घाई होती, मला कळलं नाही.

लग्न वस्तीतच होतं, मार्केटच्या भिंतीला लागून, रस्त्यावर मांडव टाकून. अंगणात जेवणाच्या पंगती. जवळपासच्या वस्त्यांतल्या चार बाया ओळीनं मडक्यांवर रोट्या टाकत होत्या, सगळ्या त्यांच्या बहिणी-भावजया. वच्छलाबाई आज चुलीपाशी नव्हत्या. मुलीची आई म्हणून मांडवभर फिरत होत्या. हात स्वच्छ. मी मुद्दाम लवकर गेलो होतो. माफी मागायला शब्द सापडत नव्हते, पण काहीतरी करून दाखवता येईल असं मनात होतं. चार माणसांना पाणी वाढलं, पत्रावळी उचलल्या, तर थोडं तरी फिटेल, असा हिशेब असावा. पहिली पंगत बसली तशी मी कोपऱ्यातला पाण्याचा जग उचलला आणि ओळीच्या टोकापासून वाढायला सुरुवात केली.

तिसऱ्या पेल्यापाशी वच्छलाबाई आल्या. लांबूनच बघितलं असावं त्यांनी. माझ्या हातातला जग काढून घेतला. जोर नाही, राग नाही, पण सोडलाही नाही.

"काय करून राहिले जी भाऊ? बसा तुमी." त्यांनी पंगतीतली पहिली जागा दाखवली, जिथं मानाचे पाहुणे बसतात. "अक्षदा देऊन बोलावलं ना मी तुमाले? पाहुण्याले कामाले लावत नसतात आमच्यात."

त्या मला टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा सरळ होता. जे खरं, ते सांगितलं होतं. आजूबाजूच्या बायांनी मान डोलावली, पोरं सरकून बसली, सुनंदा आधीच बसली होती. मी पंगतीत बसलो. वच्छलाबाईंनी स्वतः रोटीची घडी माझ्या पत्रावळीवर ठेवली, वर रस्सा ओतला. शरमेनं माझी मान वर होत नव्हती आणि त्या समोरून हलत नव्हत्या. मी जेवलो. त्यांनी दोनदा आग्रह करून वाढलं आणि मी दोन्ही वेळा खाल्लं, कारण नको म्हणायचं तोंड मला उरलं नव्हतं.